शेवटच्या कडव्यातलं नाव

(यवतमाळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



‘डीजेच्या संगीतावर बोलणार आहे’ असं मी कळवलं आणि आयोजकांनी विषय जसाच्या तसा पत्रिकेत छापला, त्याबद्दल आधी त्यांचे आभार. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर पेटी शिकवली. पेटी परदेशातून आलेली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर आपले नाहीत, अशी तक्रार मोठमोठ्या जाणकारांनी केली, आणि 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं तिला दार बंद ठेवलं. तेवढ्या काळात ती इथल्या प्रत्येक भजनी मंडळात जाऊन बसली. गुरुजींच्या नावानं बोलताना मला हा इतिहास फार जवळचा वाटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आर्णी, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा या भागांतल्या खेड्यांत संगणकावर नाचाचं संगीत तयार करणारी मुलं संगीतकार आहेत. दुसरं म्हणणं पहिल्यापेक्षा निकडीचं आहे. या संगीताची कुठेही नोंद होत नाही. कोणी लिहिलं, कोणी गायलं, कोणाचं डफडं वाजलं, कोणी जुळवलं, कधी जुळवलं, यातलं काहीच वीस वर्षांनी सांगता येणार नाही.

जगाच्या बाजारात नवं गाणं शुक्रवारी येतं. जुलै 2015 पासून बहुतेक देशांत तसा संकेतच ठरला आहे. आपल्याकडचं वेळापत्रक निराळं. 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती, त्याच्या आधी बंजारा मिक्स यायला लागतात, मग होळीच्या लेंगी. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीची तयारी तर महिनाभर चालते. 9 ऑगस्टला आदिवासी दिन, तेव्हा गोंडी गाणी. पोळा झाला की गणपती, आणि त्यानंतर यवतमाळचा दुर्गोत्सव. या सगळ्याच्या मध्ये लग्नसराई. फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरते, यूट्यूबवर चढते, पेनड्राइव्हमधून साउंडवाल्याच्या गाडीत जाते. नावात ‘रोड शो मिक्स’, ‘कॉम्पिटिशन मिक्स’, ‘हाय गेन’ असं काहीतरी असतं. ‘अनरिलीज्ड’ लिहिलेली फाइल एखाद्याच साउंडवाल्याला दिलेली असते, ती दुसऱ्याच्या गाडीवर वाजली तर भांडण होतं. या व्यवहाराला स्वतःचे नियम आहेत, स्वतःची इभ्रत आहे.

हे संगीत बनतं कसं, ते मी दिग्रस तालुक्यातल्या एका मुलाच्या शेजारी बसून पाहिलं. त्याच्याकडे कॅसेटवरून उतरवलेलं एक जुनं भीमगीत होतं. ढोलकी, पेटी आणि गायक यांनी समोरासमोर बसून एका दमात म्हटलेलं. असं गाणं कधीच एका लयीत राहत नाही. समजा सुरुवातीला मिनिटाला 112 मात्रा असतील, तर तिसऱ्या कडव्याला त्या 118 होतात. तो मला म्हणाला, ‘‘सर, म्हणणाऱ्याचा जोर वाढत जाते, मंग लयही वाढते. मशीनले ते समजत नाही.’’ मशीनला त्यानं एकदा लय सांगितली की ती शेवटपर्यंत तीच. मग हा मुलगा काय करतो? आधी गायकाचा आवाज वाद्यांपासून सोडवतो. पूर्वी हे जवळजवळ अशक्य होतं. 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं ‘स्प्लीटर’ नावाचा प्रोग्राम फुकट खुला केला आणि तेव्हापासून हे काम घरच्या संगणकावर होऊ लागलं. आवाज सुटला की तो त्याची ओळ न् ओळ कापतो, प्रत्येक तुकडा किंचित ताणतो किंवा आखडतो आणि ठोक्यावर आणून बसवतो. पण सगळे तुकडे नेमके ठोक्यावर बसवले तर गाणं मरतं. गायक ठोक्याच्या जरा मागून शब्द टाकतो, त्यात त्याची ऐट असते. म्हणून हा मुलगा काही तुकडे मुद्दाम केसभर मागे सरकवतो. किती सरकवायचे, ते कुठल्याही पुस्तकात नाही. तो डोळे मिटून ऐकतो, सरकवतो, पुन्हा ऐकतो. एका कडव्याला त्याची अख्खी संध्याकाळ गेली. मधे लाइन गेली, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत अंधारात काम चाललं. याला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तो वापरत होता तो प्रोग्राम एफएल स्टुडिओ. आपल्या जिल्ह्यातच काय, सगळ्या महाराष्ट्रात या कामाला बहुतेक पोरं हाच वापरतात. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीतल्या दिदिए दाम्ब्राँ नावाच्या प्रोग्रामरनं तो 1997 च्या सुमारास ‘फ्रूटीलूप्स’ नावानं लिहिला. तेव्हा ते नुसतं ठोके लावायचं यंत्र होतं. 2003 मध्ये त्याचं नाव बदललं, हळूहळू त्यात सगळा स्टुडिओ आला. नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सनं 2013 मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ‘अॅनिमल्स’ ही रचना याच प्रोग्राममध्ये केली आणि ती जगभर वाजली. दिग्रसच्या पोराला हे नाव ठाऊक आहे, आणि आपल्या हातात तेच साधन आहे याचा त्याला अभिमान आहे.

एफएल स्टुडिओ उघडला की समोर एक ओळ दिसते, तिच्यात सोळा चौकटी. पहिली, पाचवी, नववी, तेरावी चौकट पेटवली की ‘धम् धम् धम् धम्’ सुरू होतं. शिकागोपासून शिरपूरपर्यंत नाचाच्या संगीताचा पाया तोच. आठ मात्रांचा केरवा या सोळांत सहज बसतो. दादरा बसत नाही. सोळाला सहानं भाग जात नाही. आपली कितीतरी गाणी, बायकांची, नाचाची, पाळण्याची, सहाच्या झुल्यावर चालतात. त्यामुळे ज्या मुलाला युक्ती माहीत नसते तो सहाचं गाणं ओढून चारात घालतो आणि त्याचा झोका जातो. 2018 च्या आवृत्तीपासून एकाच कामात वेगवेगळे ताल ठेवायची सोय आहे, चौकटी बारा करता येतात. पण हे त्याला सांगणारं कोणी नाही. यूट्यूबवरचे धडे बहुतेक चाराचे. तुमच्यातले जे तबला, ढोलकी शिकवतात त्यांनी अशा मुलाजवळ एक दुपार बसावं. तुम्हाला माउस धरता येत नसला तरी चालेल. तुमच्याकडचं जे ज्ञान त्याला हवं आहे ते मात्रांचं आहे.

अजून एक अडचण पैशाची. या प्रोग्रामच्या फुकट आवृत्तीत सगळं करता येतं, केलेलं साठवताही येतं, पण साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. म्हणजे एका बैठकीत काम संपवा नाहीतर सोडून द्या. साहजिकच चोरीच्या प्रती फिरतात, त्यांच्याबरोबर व्हायरसही येतात आणि वर्षाचं काम एका रात्रीत पुसलं जातं. एलएमएमएस हा पूर्ण मोफत प्रोग्राम आहे, फोनवर चालणारा बँडलॅब आहे. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक खोल्यांत ते घालायला एक रुपया लागत नाही.

आता तुम्हाला मुंबईतल्या एका माणसाची हकीकत सांगतो. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी गिटार, कीबोर्ड वाजवलं. 1982 मध्ये त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली, टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8, आणि एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, खाली डिस्कोचा ठोका, तबला नाही.

त्यातलं टीबी-303 हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून काढलं होतं. बासचा खरा आवाज त्यातून निघेना, खपलं नाही, 1984 मध्ये कंपनीनं बंद केलं. पण त्यात एक गुण होता. एका सुरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता ते घसरत जाई. पाश्चात्त्य वादकांना ते विचित्र वाटलं असेल. राग ऐकून वाढलेल्या कानाला ती मींड होती. ज्या पेटीवर मींड निघत नाही म्हणून ओरड झाली, तिच्या नंतर आलेल्या या यंत्रावर मींड निघत होती, आणि हे एका सिनेमाच्या वादकानं बरोबर हेरलं. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ नावाच्या गटातल्या तरुणांनी याच यंत्राच्या खुंट्या फिरवून ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ‘अॅसिड हाउस’ हा संगीतप्रकार जन्मला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मुंबईचं काम मात्र पाच वर्षं आधीचं.

ती रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही. वीस वर्षांनी एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती तिची एक प्रत दिल्लीत लागली. त्यानं चरणजीत सिंगांचा शोध घेतला, 2010 मध्ये ती पुन्हा काढली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या वादकाला जगभरातून बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले. हे सगळं कशामुळे शक्य झालं? रेकॉर्डवर नाव होतं म्हणून. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला; तिथे गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा यांनी केलेल्या रचना पन्नास वर्षं फितींवर पडून होत्या. पॉल परगस यांनी त्या धुंडाळल्या आणि 2023 मध्ये त्या रचनाकारांच्या नावानिशी प्रसिद्ध झाल्या. पडून राहिलेलं संगीत परत उठतं, पण नाव असेल तरच.

गोव्याबद्दल विचारलं जाईल म्हणून एवढंच सांगतो: हणजूणच्या किनाऱ्यावर उन्हानं रेकॉर्डी वाकत म्हणून तिथले परदेशी डीजे कॅसेट आणि डॅट फितींवर वाजवत, आणि त्यातून निघालेल्या ‘गोवा ट्रान्स’ला जगानं नाव दिलं. यवतमाळच्या पोरांची परंपरा मात्र तिकडून आलेली नाही. ती आली शाहिरीतून, बँडपथकातून, बेंजोपार्टीतून.

आणि अभंगात, शाहिरीत नाव शेवटच्या कडव्यात असतं. तुकोबा असोत, लावणीकार असोत, वामनदादा कर्डक असोत. वामनदादांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव म्हटली आणि शेवटी ‘वामन’ अशी छाप ठेवली. कागद हरवला, कॅसेट घासली तरी गाण्याचा धनी गाण्यातच राहावा, यासाठीची ही सोय. आता मिक्स कसं असतं ते आठवा. ध्रुवपद, पहिलं कडवं, मग ठोका तुटतो, पुन्हा चढतो, पुन्हा ध्रुवपद. चार मिनिटांत शेवटचं कडवं येतच नाही. जिथे कवीचं नाव होतं तोच भाग कापला जातो, आणि दर अर्ध्या मिनिटाला एका भारदस्त आवाजात मिक्स करणाऱ्याचं नाव येतं. त्या मुलाला हे मी दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं शेवटच्या कडव्याच्या दोन ओळी काढल्या, ठोका पूर्ण थांबवला आणि नुसत्या आवाजात त्या रचनेच्या शेवटी ठेवल्या. संगीत म्हणूनही ती जागा सगळ्यात सुंदर झाली आहे.

कवीपेक्षा वाईट अवस्था वाजवणाऱ्याची. मांग समाजातल्या वाजंत्र्यांच्या डफड्या-सनईशिवाय या भागात लग्न लागत नसे. डीजे आला, त्यांच्या सुपाऱ्या गेल्या. पण डफडं गेलं नाही! ते प्रत्येक मिक्समध्ये आहे. शे-दोनशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या सॅम्पल पॅकमध्ये हलगी आहे, संबळ आहे, नाशिक ढोल आहे. तो ठोका कधीतरी कोण्या जिवंत माणसानं मारलेला आहे. आज तो हजारो वरातींत वाजतो आणि ज्याच्या हाताचा तो आहे त्याच्या घरी वाद्य खुंटीला आहे. मला ही गोष्ट सहन होत नाही.

म्हणून दिग्रसच्या त्या मुलाला बरोबर घेऊन आम्ही एक प्रयोग केला. एका वृद्ध वाजंत्र्याला बिदागी देऊन त्यांचं डफडं ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. स्टुडिओ कुठून आणणार? आपल्याकडे भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. तशा छतापर्यंत कापूस भरलेल्या खोलीत उभं राहून टाळी वाजवून बघा. आवाज जागीच विझतो, भिंतीवरून परत येत नाही. लाखो रुपये खर्चून स्टुडिओत जे करतात ते पांढऱ्या सोन्यानं फुकट केलं होतं. बाबांनी अंगणात, खोलीपासून लांब, पालापाचोळ्यावर डफडं शेकलं. चामडं तापलं की आवाज चढतो, खणखणतो. मग आत येऊन त्यांनी एकेक ठोका मारला. जाड काडीचा, बारीक काडीचा, दाबून, मोकळा, कडेवर. दोन ठोक्यांच्या मध्ये आम्ही श्वास धरून उभे. थोड्या वेळात चामडं निवायला लागलं, आवाज बसत गेला. मुलगा म्हणाला, पुन्हा शेकू. बाबा म्हणाले, ‘‘नको, हेबी घे. वरात दारात आली का असंच वाजते.’’ त्यामुळे आमच्याकडे एकाच डफड्याचे तापलेले आणि निवलेले दोन्ही आवाज आहेत. बाजारच्या पॅकमध्ये हे नाही. प्रत्येक फाइलच्या नावात बाबांचं नाव, गाव आणि तारीख आहे.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, 5 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. फार चांगलं झालं. आता आपल्या तांड्यांतल्या नंगाऱ्याचे ठोके, झरी-घाटंजीकडच्या दंडारीचे ढोल, परधानांची किंगरी यांच्या ध्वनिफिती वाजवणाऱ्यांच्या नावानिशी झाल्या पाहिजेत.

कर्कश आवाजाबद्दल माझं मत लपवायचं कारण नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला 100 ही कमाल सांगितली. तीन डेसिबल वाढले की कानावरचा भार दुप्पट होतो, आणि गाडीच्या मागे नाचणारं लेकरू स्पीकरपासून हातभर अंतरावर असतं. हे थांबलंच पाहिजे. पण ही चढाओढ साउंडवाल्यांची आहे. डोळे मिटून तुकडे सरकवणाऱ्या मुलाचं काम हलक्या आवाजातच नीट ऐकू येतं.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण पोरं घाबरलेली असतात आणि अर्धवट माहितीवर चालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. तिथे गाणं वाजवायला परवाना लागत नाही. केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पण ती सूट वाजवण्यापुरती. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून आवाज काढून नवं मिक्स प्रसिद्ध करायला मूळ मालकाची परवानगी लागते. नाही घेतली तर यूट्यूबची यंत्रणा तो आवाज ओळखते आणि मिळणारे पैसे मालक कंपनीकडे वळतात किंवा गाणं उतरतं. यावर कायमचा उपाय म्हणजे गाणं नव्यानं लिहून घेणं, गावातल्या गायक-गायिकेकडून म्हणून घेणं, ठोके आपल्याच वाजंत्र्याचे वापरणं. मग त्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक मिळतो, आणि कवी-संगीतकाराला 1969 मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएस संस्थेचं सभासद होता येतं. डफडं वाजवणाऱ्यालाही हक्क आहे. ‘कलावंत’ कोणाला म्हणायचं याची यादी कायद्यानंच दिली आहे, तिच्यात गायक-वादकांबरोबर कसरत करणारा आहे, गारुडी आहे, आणि व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे या क्षणी मला जो हक्क आहे तोच कापसाच्या खोलीत ठोके मारणाऱ्या बाबांना आहे, आणि तो पन्नास वर्षं टिकतो.

सार्वजनिक वाचनालयांना माझी विनंती आहे. एक कपाट, दोन हार्डडिस्क आणि एक जाड वही एवढंच लागेल. दुसरी डिस्क दुसऱ्या गावात ठेवायची, कारण एक कधीतरी बिघडणारच. वहीत रकाने: गाण्याचं नाव, कवी, मूळ गायक, मूळ ध्वनिमुद्रण कुठलं, वाद्यं कोणाची, मिक्स कोणी केलं, कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणत्या गावात, कोणत्या निमित्तानं, तारीख. ‘माहीत नाही’ असं लिहायलाही जागा ठेवायची, म्हणजे पुढे कोणाला कळलं तर भरता येईल. जुन्या कॅसेटी घरी असतील तर त्यांची मागची पट्टी फेकू नका, कवीचं आणि ढोलकीवाल्याचं नाव बहुधा तिथेच असतं. मिक्स करणाऱ्या मुलांनी आपलं नाव जरूर टाकावं, जोरात टाकावं. सोबत बाकीच्यांची टाकावी.

वहीची पहिली पानं मी आखून आणली आहेत. ज्यांच्या घरात, शेजारी किंवा गावात डफडं, सनई, नंगारा, किंगरी वाजवणारं कोणी आहे, त्यांनी सभा संपल्यावर थोडं थांबून नाव-गाव द्यावं. दिवाळीनंतर नवा कापूस घरात आला की ध्वनिमुद्रणाला बसू.